गच्चीवरच्या नळीचं टोपण

३ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या पंपखोलीतलं रजिस्टर भरत आलं म्हणून नवं मागून घेतलं. जुन्याची शेवटची तीसेक पानं कोरी होती, ती काढून घरी आणली. ह्यांच्या अक्षरातली पानं तिथेच कपाटात राहू दिली. लिहून काय होणार ते माहीत नाही. मुलगा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांनी घरी येतो. सूनबाई हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स, तिची ड्यूटी लांबली की घरात मी एकटी. एकटं माणूस भिंतीशी बोलायला लागतं. भिंतीपेक्षा कागद बरा.

हे गेले त्याला आठ महिने होतील. ह्यांच्याच जागेवर मला घेतलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं मिळेल तो कागद वाचून शिकले. काटे वाचायला ह्यांनीच शिकवलं होतं, डबा घेऊन जायची तेव्हा. काम तसं अवघड नाही. हॉस्पिटलच्या भिंतींतून नळ्या गेल्या आहेत. एकीतून ऑक्सिजन, एकीतून हवा, एकीतून सक्शन. चौथी नळी उलट्या कामाची. थिएटरमध्ये रोग्याला भुलीचा गॅस देतात, त्यातला बराचसा त्याच्या श्वासाबरोबर परत बाहेर येतो. तो खोलीत साठू नये म्हणून गच्चीवरचा एक पंप तो ओढून घेतो आणि उघड्यावर सोडतो. दिवसातून चार वेळा मी प्रत्येक पंपासमोर उभी राहते, काटा बघते आणि लिहिते: चालू.

हे गच्चीवरून पडले. शिडी कठड्याला लावलेली होती, खाली त्यांच्याजवळ मोठा पाना सापडला. त्या दिवशी तक्रारवहीत एकही काम नव्हतं. पाण्याच्या टाकीचा नळ गळत असेल, तो बघायला चढले असतील, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून चालते. टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे हे मला कामावर लागल्यावर कळलं. पण माणूस कुठून कुठे जातं, कोण सांगणार.

१० मार्च, मंगळवार

सूनबाईने आज सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं. दिवस गेले आहेत. मला पाठमोरी राहूनच बोलली.

तिसऱ्यांदा. पहिलं दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात गेलं, दुसरं गेल्या जूनमध्ये अकराव्यात. दुसऱ्यानंतर ह्यांनी जेवण टाकलं होतं. मी म्हणायची, बायकांचं दुःख बायका काढतात, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता. ते पानावरून उठून जायचे. तीन आठवड्यांनी तेच गेले.

सूनबाई म्हणाली की कुणाला सांगू नका, मागच्या दोन्ही वेळी आधी गाव गोळा केला आणि मग सगळ्यांना उलटं सांगत बसावं लागलं. मी म्हटलं, मी कोणाला सांगणार, पंपांना? हसली. किती दिवसांनी हसली. मी तिला रजा घे म्हटलं. थिएटरला नर्स कमी आहेत, आता रजा मागितली तर मोठ्या सिस्टर मलाच टेबलावर घेतील, म्हणाली.

एवढं एक मूल टिकावं. मला दुसरं काही नको. हे वाक्य लिहिलं आणि वाटलं, कागदावर मागणं मांडलं की ते नाकारायला सोपं जातं. पण खोडत नाही.

१८ मार्च, बुधवार

कपाटात पंपांची माहितीपुस्तकं सापडली, परक्या भाषेतली. शब्दकोश घेऊन जेवणाच्या सुट्टीत रोज एक पान वाचते. उद्याराव हसतो. उद्याराव म्हणजे आमचा फिटर. कुठलंही काम सांगा, उद्या करतो म्हणतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. खरं नाव पगारपत्रकालाच माहीत. म्हणाला, बाई, पुस्तक वाचून पंप चालत असते तर मी घरी बसलो असतो. मी म्हटलं, तसाही तू कुठे उठतोस.

आज एक गोष्ट लक्षात आली. बाकीचे पंप हात लावले तर कोमट असतात. भुलीच्या गॅसचा पंप चांगलाच तापतो. ह्यांनी त्याच्यासमोर एक टेबलफॅन कायमचा लावून ठेवला होता, तो अजून फिरतो आहे. यंत्रांना पोटच्या पोरासारखं जपायचे. मी फॅनची धूळ पुसली.

जेवता जेवता जुनं आठवलं. चार वर्षांपूर्वी मी रोज डबा घेऊन इथे यायची, तासभर बसायची आणि डोकं ठणकत घरी जायची. काहीतरी गोडूस वास यायचा खिडकीतून. ह्यांना सांगितलं, तर नुसतं "बघतो" म्हणाले. आठवड्याभरात डोकं थांबलं. तेव्हाच मी चष्मा बदलला होता. नंबर चुकीचा होता म्हणून दुखत होतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

२४ मार्च, मंगळवार

सूनबाई संध्याकाळी आली ती डोकं धरून. मी काढा देऊ का विचारलं. म्हणाली, थिएटरमधल्या सगळ्यांचंच दुखतं, लांबलचक ऑपरेशन असलं की मोठ्या सिस्टर तर खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढतात. आणि भुलीच्या मशीनला एक काचेची नळी आहे, तिच्यात लाल गोळी, गॅस ओढला जात असला की ती वर तरंगायला हवी, दोन रेघांच्या मधे. "आमची गोळी मोठ्या सिस्टरांसारखीच, आई. एकदा बसली ती बसली." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात काटाच खराब आहे, चार वर्षं तसाच आहे, पंप चालू असल्याचा हिरवा दिवा तर लागलेला असतो.

ती हसत सांगत होती म्हणून मीही हसले.

२६ मार्च, गुरुवार

आज पुस्तकाचं नेमकं ते पान आलं. शब्दकोशात सतरा शब्द बघावे लागले. लिहिलंय की पंप चालू असून गोळी खाली असेल, तर नळी कुठेतरी बंद आहे, आणि पंप तापेल. मग गॅस थिएटरच्याच हवेत सांडत राहतो. पुढच्या परिच्छेदात लिहिलंय की अशा हवेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बायकांमध्ये गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही ठिकाणी आढळलं आहे, पण खात्रीने सांगता येत नाही.

ते वाक्य मी पाच वेळा वाचलं. शब्दकोश चुकत असेल असं वाटलं.

मग बाहेर जाऊन नळीच्या मागे मागे गेले. ती पंपखोलीच्या भिंतीतून निघते आणि खिडकीपासून दोन हातांवर, कठड्याच्या बाहेर, वर वळून उघडी व्हायला हवी. ती उघडी नाही. तिच्या तोंडावर लोखंडी टोपण आहे, आट्यांवर पांढरी फीत गुंडाळून घट्ट बसवलेलं. कुणी बसवलं असेल? रंगकाम झालं होतं मधे. रंगाऱ्याने नळीत रंग जाऊ नये म्हणून बसवलं असेल.

टोपणाच्या कडेला पान्याच्या खुणा दिसतात, गंजाखालचं लोखंड उघडं पडलं आहे. कुणीतरी काढायला गेलं आणि अर्धवट सोडलं. इथली कामं अशीच.

२७ मार्च, शुक्रवार

इंजिनियर साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी विचारलं, पंप चालू आहे ना, मग तक्रार कशाची. मी पुस्तक दाखवलं. साहेब पुस्तकाकडे बघेनात, माझ्याकडेच बघायला लागले. मग खणातून फॉर्म काढला. कठड्याबाहेरचं कुठलंही काम तीन सह्यांशिवाय करायचं नाही, असा नियम झाला आहे. हे पडले त्यानंतर झाला.

फॉर्मवर रकाने आहेत. जागा. दोष काय. दोष दिसला ती तारीख. दोष कधीपासून. दोष कोणामुळे.

चौथ्यापर्यंत भरला. पाचव्याशी पेन थांबलं. जेवणाची सुट्टी संपली, तरी थांबलेलंच.

२९ मार्च, रविवार

गुरुवारी मी इथे खोटं लिहिलं. स्वतःच्याच कागदावर.

ती फीत रंगाऱ्याची नाही. हे फीत नेहमी तीन वेढे सरळ आणि एक उलटा गुंडाळायचे, शेवटचं टोक नखाने आत दाबायचे. घरातल्या नळांना तशीच आहे. आज मोरीतल्या नळाखाली वाकून बघितलं. तसंच टोक.

डोकं माझं दुखत होतं. ते "बघतो" म्हणाले आणि त्यांनी बघितलं. टोपण बसवलं. माझं डोकं थांबलं आणि मी चष्म्याचं कौतुक केलं. हॉस्पिटलात तेवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ती नळी कशाला आहे हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण बंद नळीच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं नसेल. खिडकीत बसलेली मी दिसत होते. तेव्हा मुलाचं लग्नही झालेलं नव्हतं. सूनबाई कुठे होती कोण जाणे.

पाचव्या रकान्यात हे लिहायचं. ह्यांचा फोटो साहेबांच्या ऑफिसात लावलेला आहे, खाली लिहिलंय, सेवेत असताना प्राण वेचले. तो फोटो ते उतरवतील. नुसता उतरवणार नाहीत, बोलतील. आणि सूनबाई काय करेल? ती अजून ह्यांच्या चपला दाराशी ठेवते.

३० मार्च, सोमवार

थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, भूलवाल्या डॉक्टरीणबाईंना तोंडी सांगून टाकावं. त्या बाहेर आल्या, मास्क खाली ओढून म्हणाल्या, काय हो मावशी, सक्शनला काही झालं का? मी म्हटलं, नाही, नुसती आले. त्या म्हणाल्या, नुसतं कोणी इथे येतं होय. आणि आत गेल्या. दार उघडलं तेव्हा तोच गोडूस वास आला. आत सूनबाई होती, पाठमोरी, ट्रेमध्ये कात्र्या मांडत होती.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी चक्कर आल्याचं सोंग केलं. म्हटलं, तू आज घरी थांब, माझं काही खरं नाही. सूनबाईने रक्तदाब बघितला, नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. मग माझ्या शेजारी बसली. "आई, तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी आहे. नाटक कशाला?"

मी म्हटलं, भीती वाटते. तिला वाटलं, मी मागच्या दोन वेळांबद्दल बोलते आहे. माझा हात हातात घेऊन म्हणाली, मलाही वाटते, पण घरात बसून वाटेल त्यापेक्षा कामात कमी वाटते. आणि ड्यूटीवर गेली. जाताना माझ्या उशाशी पाणी ठेवून गेली.

मला सांगता आलं असतं. ती बाजूला बसली होती, हात हातात होता. एवढं सोपं पुन्हा होणार नाही.

२ एप्रिल, गुरुवार

पाचव्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिलं आणि फॉर्म दिला. कारकून म्हणाला, साहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत.

दुपारी शिडी घेऊन मीच कठड्यापाशी गेले. दुसऱ्या पायरीवर थांबले. खाली बघितलं तर ती जागा दिसत होती, जिथे त्यांना चादरीने झाकलं होतं. उतरले. शिडी होती तिथे ठेवली.

३ एप्रिल, शुक्रवार

सूनबाईची आज दोन लांब ऑपरेशनं होती. आल्या आल्या झोपली.

७ एप्रिल, मंगळवार

सही झाली. उद्याराव चक्क आजच आला. कंबरेला दोर बांधून वाकला. टोपण सहजासहजी निघेना, तेल सोडावं लागलं. सुटलं तेव्हा आतून भस्सकन उष्ण हवा आली आणि तोच वास. उद्यारावाने टोपण माझ्या हातात दिलं. म्हणाला, ह्याला आधी कुणीतरी पाना लावलेला आहे, एक आटा फिरवलेला आहे, खुणा जुन्या नाहीत, पावसाळ्याच्या आसपासच्या. मग म्हणाला, बाई, म्हणजे ते त्या दिवशी. आणि थांबला.

उद्यारावाला अर्धं काम टाकायची सवय आहे, तशीच अर्धं वाक्य टाकायची. मी त्याला चहा आणायला पाठवला.

संध्याकाळी सूनबाई दारातूनच हसत आली. आज गोळी वर आली म्हणे. भूलवाल्या बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवली, मोठ्या सिस्टर जाग्या होत्या. कुणी दुरुस्त केली, विचारत होत्या. मी म्हटलं, उद्यारावाने. तिला खरं वाटेना. "उद्यारावाने, आणि आज?"

माझं डोकं दुखतंय. खिडकी त्या नळीसमोरच आहे. नळी सहा फूट उंच करायचा वेगळा अर्ज द्यायला हवा. बरं वाटतंय दुखतंय तर.

१२ एप्रिल, रविवार

मुलगा येऊन गेला. दोघं बाहेर फिरायला गेले होते. येताना सूनबाईने स्वतःसाठी सैल कपडे आणले. मागच्या वेळी तिने आधी काही आणलं नव्हतं. दहावा आठवडा संपत आला. आता हवा स्वच्छ आहे. मी तिच्या जेवणाकडे बघत बसते, तर म्हणते, आई, घास मोजू नका.

एखादे वेळी देव आंधळा असतो तसा बहिराही असावा, म्हणजे कोणी आधी काय केलं ते त्याच्या कानावर जाणार नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

गेलं.

१९ एप्रिल, रविवार

परवा सकाळी थिएटरमध्येच पोटात कळ आली. मोठ्या सिस्टरांनी तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली नेलं. मला गच्चीवर निरोप आला तेव्हा मी तिसरी नोंद करत होते. चालू.

मुलगा रात्रभर गाडी चालवून आला. आईच्या कुशीत येतात तसा आला नाही. बायकोच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि तिथेच बसून राहिला.

बायकांच्या डॉक्टरीणबाई समजूतदार आहेत. तिसऱ्यांदा झालं म्हणून आता तपासण्या करू म्हणाल्या. पण आधीच सांगून ठेवते, म्हणाल्या, कारण सापडेलच असं नाही. मी विचारलं, थिएटरमधल्या गॅसमुळे होऊ शकतं का. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, शक्यता म्हणून पुस्तकांत लिहिलेलं आहे, पण ह्या मुलीच्या बाबतीत तेच झालं असं कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही, आणि नाही झालं असंही.

म्हणजे मला कधीच कळणार नाही. मी दोषी ठरले असते तरी पाय टेकायला जमीन मिळाली असती.

२९ एप्रिल, बुधवार

सूनबाई कालपासून ड्यूटीवर जायला लागली. आणलेले सैल कपडे घडी करून तिने कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवले, तिथे माझा हात पोचत नाही.

नळी उंच करायचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, बाई, तुमचं काहीतरी रोजच निघतं.

१४ मे, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

टोपण काढल्याची फाइल "काम पूर्ण" अशा सहीसाठी आज थिएटरमध्ये गेली. मोठ्या सिस्टर ऑपरेशनमध्ये होत्या म्हणून कागद सूनबाईच्या हातात आले. तिने फॉर्म वाचला. माझं अक्षर ती ओळखते.

संध्याकाळी घरी येऊन पर्ससुद्धा खाली न ठेवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, नळी बंद असल्याचं तुम्हाला सव्वीस मार्चला दिसलं. मी हो म्हटलं. अर्ज दोन एप्रिलला दिला. मी हो म्हटलं. पुस्तकात त्या गॅसबद्दल काय लिहिलंय ते वाचलं होतं? मी म्हटलं, वाचलं होतं, सव्वीसलाच. तिने बोटांवर दिवस मोजले. नर्स आहे, तिला मोजायची सवय आहे.

"मग सात दिवस तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "एक रकाना भरत होते."

मग मी सगळं सांगितलं. माझं डोकं दुखायचं ते, ह्यांनी बघतो म्हटलं ते, फितीचं दाबलेलं टोक, साहेबांच्या ऑफिसातला फोटो, सोंग केलेली चक्कर. आवाज चढवला नाही, रडलेही नाही. रडले असते तर तिला मला समजवावं लागलं असतं, तेवढा तरी भार मी तिच्यावर टाकला नाही.

ती ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं. बाबांना कळलं असेल का, मागच्या वेळी?

मी म्हटलं, छे. त्यांना कळलं असतं तर ते तसेच बसले असते का? धावत गच्चीवर गेले असते. त्याच दिवशी वर चढून त्यांनी टोपण काढलं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं. थिएटरमधून रोगी बाहेर आणताना नातेवाइकांकडे बघतात तसं.  मग डोळे पुसून म्हणाली, हो, काढलंच असतं. आणि आत गेली. दार लावून घेतलं नाही, पण मला आत जाववलं नाही.

ह्यांच्याबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही ती. मला तेवढंच बरं वाटलं.

१६ मे, शनिवार

सकाळी दोन कप चहा झाला होता. एक माझ्या जागेवर झाकून ठेवलेला. तिचा तिने उभ्याने घेतला असावा, कप धुवून पालथा घातलेला होता. ती मला टाळत नाही. विचारलं तर उत्तर देते. मीठ पुरेसं आहे का, तर आहे. उशीर होईल का, तर होईल. पूर्वी मी एक विचारायची आणि ती चार सांगायची.

१९ मे, मंगळवार

साहेबांकडे जाऊन फॉर्म परत मागितला. म्हटलं, पाचवा रकाना चुकीचा भरला गेलाय, दुरुस्त करायचा आहे. साहेब म्हणाले, फाइल बंद झाली. मी म्हटलं, नाव लिहायचं राहिलं. कोणाचं, विचारलं. मी ह्यांचं नाव सांगितलं, वर भिंतीवर फोटो होता तरी सांगितलं. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाले की गेलेल्या माणसाचं नाव लिहून आता कोणाचं काय भलं होणार आहे, वर चौकशी लागेल, चार वर्षं ज्यांनी ज्यांनी रजिस्टरावर सह्या केल्या ते सगळे उभे राहतील, त्यात मीही आहे आणि बाई, तुम्हीही आहात. घरी जा, म्हणाले. चांगला माणूस होता.

मला वाटलं होतं की ते रागावतील. कोणीतरी एकदा माझ्यावर ओरडावं.

मुलाला सूनबाईने काही सांगितलेलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तिला सांभाळ. मी बरं म्हटलं.

२५ मे, सोमवार

तपासण्यांचे कागद आले. काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे महिने जाऊ देत, मग बघू. सूनबाईने कागद दुमडून पर्समध्ये ठेवले. येताना रस्त्यात मला म्हणाली की नवऱ्याशी बोलणं झालंय, आता पुन्हा नाही. पुन्हा एकदा आशा लावून घ्यायची माझ्यात ताकद नाही, म्हणाली. शांतपणे म्हणाली, बस किती वाजता आहे ते सांगावं तशी.

घरापाशी पोचेपर्यंत मी धीर गोळा केला. दाराशी आल्यावर म्हटलं, मी उद्या मेट्रनबाईंना भेटते, सगळं खरं सांगते, थिएटरमधून तुझी दुसरीकडे बदली मागते.

किल्ली कुलपात घालता घालता ती थांबली. माझ्याकडे वळली नाही.

"आता कशाला, आई," म्हणाली, आणि दार उघडून मला आधी आत जायला वाट दिली.